वजन घटवा... पण पाण्याखालचं!

स्कूबाच्या पुढची पायरी म्हणजे टेक्निकल डायव्हिंग. इथे जास्त वजन लावणारा बुडतो, हे कुणीही सांगेल. पण तोच वर फेकलाही जातो. कसा? वाचा.

जिमची वर्षाची फी भरून तीन आठवड्यांत गायब होणारे आपण सगळे, बोलायला मात्र वजनाच्या विषयातले तज्ज्ञ. कार्ब्ज कमी, रात्री आठनंतर खाणं बंद, लिफ्टऐवजी जिना... सगळं तोंडपाठ. पण वजन कमी करण्याचं खरंखुरं वेड लागलेली एक जमात वेगळीच आहे. ही मंडळी पोट नाही, कमरेला बांधलेलं शिसं मोजतात. अर्धा किलो शिसं कमी झालं तर त्यांना प्रमोशन मिळाल्यासारखा आनंद होतो. डायरीत तारीख घालून लिहून ठेवतात. गंमत वाटते ना? यांना टेक्निकल डायव्हर म्हणतात आणि त्यांच्या दुनियेत दोन किलोचा हिशोब चुकला, तर प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जाऊ शकतं. कधी त्याच्याही पुढे.

आता ‘डायव्हिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मालवण येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास बोट थांबते, दहा मिनिटांचं ट्रेनिंग होतं, अंगावर सूट, पाठीवर टाकी, कमरेला शिशाचा पट्टा आणि चला खाली! मासे दिसतात, फोटो निघतो, तो प्रोफाइलला लागतो. या उडीत इन्स्ट्रक्टर तुमच्या कमरेला जरा सढळ हातानंच शिसं बांधतो. बरोबरच आहे त्याचं. नवखा माणूस घाबरलेला असतो, छाती भरभरून श्वास घेतो, फुग्यासारखा वर येतो. थोडं जास्त वजन असलं की तो खाली राहतो आणि त्याला धरून ठेवायला इन्स्ट्रक्टर असतोच. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे, गोव्यात ग्रँड आयलंडला क्लब आहेत, कुठेही जा, पहिल्या उडीला हेच.

प्रश्न पुढे सुरू होतो. माणूस कोर्स करतो, सर्टिफिकेट मिळवतो, अंदमानला जाऊन येतो आणि पहिल्या दिवशी बांधलेलं ते जास्तीचं शिसं तसंच घेऊन फिरत राहतो. ‘मला आठ किलो लागतं’ असं अभिमानानं सांगतो. का लागतं, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

डोक्यावरचं न दिसणारं छत

हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. आणि एक साधा नियम: काहीही बिघडलं की सावकाश वर या, डोकं पाण्याबाहेर काढा, सुटलात. टेक्निकल डायव्हिंगची सुरुवात होते ती हा दरवाजा बंद होतो तिथून. मायकेल मेंडुनो या अमेरिकन पत्रकारानं ‘अ‍ॅक्वाकॉर्प्स’ या आपल्या मासिकातून १९९१च्या सुमारास हे नाव रुळवलं. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात गेलात तर डोक्यावर खरंखुरं छत असतं. आणि खोल जाऊन बराच वेळ थांबलात तर न दिसणारं.

हे न दिसणारं छत काय भानगड आहे? खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. सोड्याची बाटली घट्ट बंद असली तर आतला गॅस दिसतही नाही. झाकण हळूहळू सैल केलं तर शांतपणे निघून जातो. एकदम उघडलं तर फस्सकन् फेस. शरीराचंही तसंच. म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबत यायचं. याला म्हणतात डीकॉम्प्रेशन, लाडाचं नाव डेको. शेवटचे आणि सगळ्यात लांबलचक थांबे असतात ६ आणि ३ मीटरवर. म्हणजे वर पाहिलं तर बोटीचा तळ दिसतो, ऊन दिसतं, पण जायचं नाही. गेलात तर सांधेदुखीपासून ते लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

दक्षिण आफ्रिकेचा नुनो गोम्स २००५मध्ये इजिप्तच्या दाहाबजवळ लाल समुद्रात ३१८ मीटरपर्यंत गेला. खाली जायला लागली पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. वर यायला? बारा तासांहून जास्त! म्हणजे या खेळात खरं कसब खाली जाण्यात नाहीच. वर येताना, जागच्या जागी, न हलता, लटकून राहण्यात आहे. आणि ते तुमच्या मनगटाच्या जोरावर नाही, वजनाच्या हिशोबावर ठरतं.

दहा बाय दहाच्या खोलीतली हवा

शाळेत आर्किमिडीज शिकलोय आपण सगळे. पाणी बाजूला सारा, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार मिळवा. आधार वजनापेक्षा जास्त तर तरंगाल, कमी तर बुडाल, सारखा तर अधांतरी. पुस्तकात याला प्लावक बल म्हणतात, डायव्हर ‘बॉयन्सी’ म्हणतात. दहा मार्कांचा प्रश्न, विसरून गेलो. पण त्यात एक गोष्ट कुणी शिकवली नव्हती: हवेलाही वजन असतं आणि डायव्हर ती हवा वापरून संपवतो.

एक लिटर हवा साधारण सव्वा ग्रॅमची. काहीच नाही वाटत ना? पण तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीचं छत दहा फुटांवर असेल तर त्या खोलीतली हवा तीस किलोच्या वर भरते. आता ती हवा दाबून बाटलीत भरा.

समजा, एक केतकी आहे. हिंजवडीत काम करते, पुण्यातल्या स्विमिंग पूलमध्ये पहिले धडे घेतले, मालवण-अंदमान करून झालं आणि आता लाल समुद्रात ‘रोझली मोलर’ बघायला निघालीय. ही कोळसा वाहणारी बोट. दुसऱ्या महायुद्धात, ८ ऑक्टोबर १९४१ला जर्मन विमानांनी बुडवली. हिच्या दोनच दिवस आधी बुडालेली ‘थिसलगॉर्म’ ३० मीटरवर असल्यानं तिथे पर्यटकांची जत्रा असते. ‘रोझली’ मात्र जवळपास ५० मीटरपर्यंत खोल, म्हणून तिथे टेकवाल्यांची वर्दळ.

केतकीच्या पाठीवर बारा-बारा लिटरच्या दोन स्टीलच्या बाटल्या. २०० बार दाबानं भरल्या म्हणजे ४८०० लिटर गॅस. वजन सहा किलोला थोडं कमी. कडेला अ‍ॅल्युमिनियमची एक अकरा लिटरची बाटली, डेकोसाठी. त्यात आणखी पावणेतीन किलो गॅस. बाटल्यांचं नाही बरं का, नुसत्या गॅसचं वजन. एकूण साडेआठ किलो. डाइव्ह सुरू होताना हे वजन अंगावर आहे, संपताना नसेल. त्यात अ‍ॅल्युमिनियमची बाटली रिकामी झाली की चक्क तरंगायला लागते.

आता सांगा, केतकीनं शिसं किती घ्यायचं? बोटीवरून उडी मारून पाण्याच्या पृष्ठभागावर बघितलं तर ती आधीच साडेआठ किलो जड आहे. तिला वाटेल, शिशाची गरजच काय! पण हिशोब या टोकाचा नाहीच. आपला पगार आठवा. एक तारखेला खिसा जड असतो, तेव्हा कुणाला बजेट लागतं? प्रश्न अठ्ठावीस तारखेचा असतो. टेक्निकल डायव्हिंगमध्ये वजन ठरतं ते अठ्ठावीस तारखेला बघून. ३ मीटरचा शेवटचा थांबा, बाटल्या जवळजवळ रिकाम्या, पाठीवरच्या हवेच्या पिशवीत (तिला ‘विंग’ म्हणतात) काहीही नाही, आणि तरी केतकी जागची हलत नाही. न वर, न खाली. तेवढं वजन तिचं. त्याच्यावर एक ग्रॅम नको.

इथे एक मेख आहे आणि बरेच अनुभवी लोकही तिथे फसतात. नेहमीच्या दिवशी केतकी बाटल्या रिकाम्या करून येतच नाही. आणीबाणीसाठी राखलेला गॅस शिल्लक असतो, धरा ७० बार. तिनं वजनाची चाचणी ७० बार असताना घेतली, सगळं छान जुळलं, ती खूष. पण ७० बार म्हणजे १७०० लिटर, म्हणजे दोन किलो. मग एखाद्या दिवशी खाली बडीचा रेग्युलेटर बिघडतो. दोघं केतकीच्या गॅसवर वर येतात. राखीव गॅस ज्यासाठी ठेवला होता त्यासाठीच वापरला जातो. आणि ३ मीटरवर पोहोचल्यावर कळतं की आपण दोन किलोनं हलके आहोत, खाली राहताच येत नाहीये! एक माणूस तुमच्या गॅसवर अवलंबून आहे, दहा मिनिटं थांबणं बाकी आहे आणि समुद्र तुम्हाला बुचासारखा वर ढकलतोय. वाईट दिवसाचंच वजन वाईट दिवशी कमी पडतं. म्हणून हिशोब रिकाम्या बाटलीचाच करायचा.

मग थोडं जास्तच घेऊ ना!

साहजिक प्रश्न. ऑफिसला जाताना छत्री, जॅकेट, डबा, जास्तीचा चार्जर घेणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे पटकन सुचतं. असू दे पाच किलो जास्तीचं, काय बिघडतं?

बरंच बिघडतं, बॉस. कारण पाच किलो जास्तीचं शिसं तोलायला विंगमध्ये पाच लिटर जास्तीची हवा भरावी लागते. आणि शिसं गरीब आहे, कुठेही न्या, पाच किलोच राहतं. हवा तशी नाही. ती दाबाप्रमाणे आकसते, फुगते. रॉबर्ट बॉइलनं सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय.

दोन डायव्हर शेजारी शेजारी ६ मीटरवर थांबलेत, बाटल्या रिकाम्या व्हायला आल्यात. पहिल्याचं वजन नेमकं आहे, त्याची विंग सपाट. दुसऱ्याकडे पाच किलो जादा शिसं, विंगमध्ये पाच लिटर हवा. एक लाट येते, दोघंही मीटरभर वर सरकतात. पहिल्याला काही होत नाही. श्वास सोडतो, जागेवर येतो. दुसऱ्याची पाच लिटर हवा आता सव्वापाच लिटरच्या वर गेली. म्हणजे तो पाव किलोपेक्षा जास्त हलका झाला, म्हणजे आणखी वर सरकला, म्हणजे हवा आणखी फुगली. ३ मीटरवर पोहोचेपर्यंत तो किलोहून जास्त हलका झालाय आणि हवा सोडायच्या दोरीसाठी पाठीमागे चाचपडतोय. दोरी सापडेपर्यंत डोकं पाण्याबाहेर.

म्हणजे ज्याच्या कमरेला जास्त शिसं, तोच वर फेकला गेला. पटायला वेळ लागतो, पण गणित सरळ आहे.

आणि ही हवा सगळ्यात जास्त मस्ती करते ती उथळ पाण्यातच. ५० मीटरवरून ४०वर आलात तर दाब ६ बारचा ५ होतो, हवा वीस टक्के फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागावर आलात तर दाब २ बारचा १, हवा दुप्पट! अंतर तेच, दहा मीटर. नेमके डेकोचे लांब थांबे याच पट्ट्यात असतात. दमलेला, थंडी वाजणारा, शू आवरून धरलेला माणूस (हो, हा विषयही खराच आहे) आणि पाठीवर चंचल फुगा.

उलट दिशेला तर हे जास्तच भयानक. जड माणूस खाली जायला लागला की विंगमधली हवा आकसते, निओप्रीनचा सूट चेपतो, माणूस आणखी जड होतो, आणखी वेगानं जातो. थांबायचं तर विंगमध्ये हवा भरायची. पण ६० मीटरवर दाब ७ बार. तिथे दहा लिटरचा आधार मिळवायला बाटलीतला ७० लिटर गॅस घालावा लागतो आणि बटण दाबलं म्हणून तो क्षणात येत नाही. तोवर डायव्हर आणखी खाली.

दाहाबच्या ब्लू होलजवळच्या कड्यावर तिथे गेलेल्या डायव्हर्सच्या नावाच्या पाट्या लावलेल्या आहेत. किनाऱ्यावरून चार पावलं चाललं की खोल निळं भोक, कॅफेत बसून दिसतं. ५५ मीटरच्या आसपास एक कमान आहे, ती पार करून बाहेर खुल्या समुद्रात निघायचा मोह अनेकांना होतो. २०००मध्ये तिथे एक तरुण डायव्हर एकाच साध्या हवेच्या टाकीवर उतरला. त्याच्याकडचा व्हिडिओ कॅमेरा चालू होता. नंतर तो ९० मीटरच्या आसपास सापडला. कारणांबद्दल डायव्हर्स आजही वाद घालतात. इतक्या खोलीवर साध्या हवेनं येणारी नशा हेही एक मोठं कारण. पण त्या चित्रणात एक गोष्ट कुणालाही दिसते: त्याचं खाली जाणं थांबतच नाही.

शिशाचा पट्टा सोडून द्यायचा ना मग? हौशी डायव्हिंगमध्ये शिकवतातही तेच, आणि ते योग्यच आहे. पट्टा टाका, वर या. अपघातात सापडलेल्या अनेकांच्या कमरेला शिसं तसंच बांधलेलं असतं, हे डायव्हिंगच्या अपघातांचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत. पण टेकमध्ये वर न दिसणारं छत. ४५ मीटरवर पट्टा सुटला तर थेट बुचासारखं वर आणि मग सोड्याची बाटली आहेच. म्हणून इथे वेगळा विचार: सगळा संच मुळातच असा जुळवायचा की विंग फाटली तरी पोहून वर उचलता येईल. याला ‘बॅलन्स्ड रिग’ म्हणतात. जड स्टीलच्या बाटल्या आणि जाड वेटसूट ही जोडी म्हणूनच वाईट. खोल गेल्यावर सूट चेपतो, विंग गेली तर हातात काहीच नाही. तिथे ड्रायसूट लागतो, त्यात हवा भरून दुसरा आधार मिळतो. आपल्याकडच्या गरम पाण्यात पातळ सूट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्या हे गणित बरं जमतं.

शिसं किती ते कळलं, पण कुठे?

आता थोडं स्टाइलबद्दल. कारण टेक डायव्हर लांबूनही ओळखू येतो. पाण्यात पालथा, अगदी आडवा, गुडघे दुमडलेले, हात पुढे, जणू अदृश्य टेबलावर झोपलाय. नवखा डायव्हर मात्र पाण्यात उभा-तिरका, पाय खाली, सायकल मारतोय असा. याला ‘ट्रिम’ म्हणतात आणि हा नुसता दिखाऊपणा नाही.

ज्याचे पाय खाली, तो पाय मारतो तेव्हा पुढे जातोच, पण वरही जातो. वर जायला नको म्हणून विंगमधली हवा सोडतो. म्हणजे तो मुळात जड आहे आणि सतत पाय मारून स्वतःला वर धरून ठेवतोय. पाय थांबले की बुडाला! असा माणूस धापा टाकतो, गॅस भराभर संपवतो आणि त्याला वाटतं, आपला स्टॅमिना कमी. जिम लावायला निघतो बिचारा. खरं तर त्याला शिसं कमी करून ते कमरेवरून थोडं वर सरकवायची गरज असते.

म्हणून कमरेचा पट्टा इथे मागे पडला. पाठीला स्टीलचा पत्रा, म्हणजे बॅकप्लेट, जी स्वतःच अडीच-तीन किलोची असते. दोन बाटल्यांच्या मधल्या खाचेत लांबट शिसं बसवतात. पाय वर जात असतील तर बाटल्यांच्या तळाशी एखादा तुकडा. वजन तेवढंच, पण जागा दोन इंच बदलली तरी माणूस आडवा होतो. फ्लोरिडाच्या गुहांमध्ये उतरणाऱ्यांनी हे सगळं बरंचसं घडवलं, कारण तिथे पर्याय नव्हता. गुहेच्या तळाशी पिठासारखा गाळ. एक लाथ खाली बसली की दोन मिनिटांत दुधासारखं पाणी आणि बाहेरची वाट गायब. पाय वर ठेवून बेडकासारखी लाथ मारायची ती म्हणूनच. आपल्या केतकीलाही ‘रोझली’च्या गाळात हेच कामी येणार.

अर्ध्या-अर्ध्या किलोचं राजकारण

बरं, नेमकं वजन काढायचं कसं? इंटरनेटवर कॅल्क्युलेटर आहेत, शरीराच्या वजनाचे टक्के सांगणारे मित्र आहेत. दोन्हींना नमस्कार. एकच खात्रीचा मार्ग: डाइव्हच्या शेवटी, बाटल्या जवळजवळ रिकाम्या, खोली ३ मीटर, बडी शेजारी, विंग आणि सूटमधली हवा जमेल तेवढी सोडलेली. आता नेहमीसारखा श्वास घेत राहायचं. बुडतोय? अर्धा किलो काढून बडीकडे द्या. अजून बुडतोय? आणखी अर्धा. वर जायला लागलात? शेवटचा अर्धा परत घ्या. संपलं. सूट कुठला, बाटल्या कुठल्या, पाणी कुठलं, सगळं डायरीत लिहा. यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो.

पाणी कुठलं, हे विशेष. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर पुण्याच्या पूलमधून मालवणला गेल्यावर अडीच किलो शिसं जास्त लागणार. लाल समुद्र तर आपल्या समुद्रापेक्षाही खारट, तिथे आणखी थोडं. खोल डाइव्हसाठी बाटलीत हेलियम मिसळलेला गॅस असेल तर तो हवेपेक्षा बराच हलका, मग बाटली भरलेली आणि रिकामी यातला फरकही कमी.

आणि मग श्वास. साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते, म्हणजे पाण्यात अर्धा किलोचा फरक. खोल श्वास घेतला तर दोन-तीन किलोंचा. नेमकं वजन असलेला डायव्हर याच्यावरच वर-खाली होतो, बटणाला हातही लावत नाही. फक्त थोडा धीर हवा. श्वास घेतल्यावर शरीर लगेच हलत नाही, दोन-चार सेकंद जातात. नवख्याला वाटतं काही झालंच नाही, तो बटण दाबतो, हवा जास्त होते, घाबरून सोडतो, बुडतो, परत दाबतो. लिफ्टमध्ये खोडकर पोरं सगळी बटणं दाबतात तसा प्रकार. मात्र श्वास रोखून वर जायचं नाही, कधीच. फुप्फुसं म्हणजेही फुगेच आहेत.

याची खरी मजा येते रीब्रीदर घेतल्यावर. त्यात सोडलेला श्वास पाण्यात बुडबुडे होऊन जात नाही, तो यंत्राच्या पिशवीत जातो आणि साफ होऊन परत येतो. फुप्फुसं रिकामी झाली की पिशवी भरते, एकूण आकार तेवढाच. त्यामुळे श्वासानं वर-खाली होण्याची सवय एका दिवसात निकामी! पाचशे डाइव्ह झालेले दादा लोक रीब्रीदरच्या पहिल्या दिवशी मालवणच्या पर्यटकासारखे धडपडतात. गाडी चालवता चालवता कुणी स्टिअरिंगच काढून घ्यावं तसं.

एवढं वाचून तुम्हाला उद्याच टेक कोर्स लावावासा वाटला असेल तर जरा दमानं. आधी साधं सर्टिफिकेट, मग बरेच डाइव्ह, नायट्रॉक्स आणि त्यानंतर टीडीआय, पॅडी, जीयूई अशा संस्थांचे कोर्स. जीयूईच्या ‘फंडामेंटल्स’ या कोर्सची तर ख्यातीच अशी की शेकडो डाइव्ह केलेली माणसं तिथे जाऊन ‘एका जागी थांबा’ एवढ्या सूचनेवर घाम गाळतात. तोपर्यंत पुढच्या मालवण किंवा अंदमान ट्रिपला एवढं करता येईल: सर्टिफिकेट असेल तर डाइव्हच्या शेवटी इन्स्ट्रक्टरला सांगून ३ मीटरवर ती अर्ध्या किलोची चाचणी घ्या. स्वतःच्या मनानं पट्ट्यातलं शिसं काढू नका. चाचणी करायला त्यालाही आवडेल, कारण असं विचारणारे फार थोडे असतात.

आणि हो, शनिवार-रविवार गोव्यात डाइव्ह करून रविवारी रात्रीच्या फ्लाइटनं परत, हा प्लॅन आत्ताच खोडा. विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, अंगातला उरलेला नायट्रोजन तिथेही फेसाळू शकतो. एकच साधा डाइव्ह असेल तर किमान १२ तास, दोन-तीन केले असतील तर १८ आणि डेको डाइव्ह असेल तर निदान २४ तास थांबायचा रिवाज आहे. ट्रेननं या किंवा सोमवारी थांबा. घाटरस्त्यानं गाडी आणत असाल तर तोही चढच आहे, उंचीचा हिशोब तिथेही लागतो. सोमवारी बॉसला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.